गुंजभर जास्त

तिच्या डाव्या अंगाला एकच दांडी आहे. पायाने खालीवर केली की गिअर पडतो, आणि तीच दांडी आत दाबून वर उभी केली की किक होते. नवा माणूस बसला की उजवीकडे वाकून किक शोधत राहतो. आमच्या घरातल्या प्रत्येक मुलाने एकदा तरी ती तशी शोधली आहे. मीही शोधली होती.

चालू करायची तिची एक रीत आहे. आधी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्ब्युरेटरवरची बारीक टिकली बोटाने दोन-तीनदा दाबायची, बोट ओलं झालं की पुरे. मग दांडी उभी करायची, एक किक चावीशिवाय मारायची आणि दुसरीला चावी लावायची. दुसऱ्या किकेला ती खोकते, तिसरीला घसा साफ करते आणि मग लयीत येते. निळसर धूर परसभर पसरतो, त्याला जळक्या ऑइलचा गोडसर वास असतो. आमच्या आईच्या लुगड्यांना तो वास कायमचा होता.

आणि घरी परतल्यावर पहिलं काम कॉक बंद करण्याचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, गाडी पुरती थांबायच्या आधीच हात टाकीखाली घालायचे. कॉक उघडा राहिला तर पेट्रोल झिरपत झिरपत इंजिनात उतरतं आणि सकाळी गाडी उठत नाही. “रात्रभर नळ सोडून कोणी झोपतं का?” असं ते आम्हाला विचारायचे.

तिच्या टाकीवर नाव आहे येझदी. डाव्या अंगाला, दांडीजवळच्या इंजिनाच्या झाकणावर नाव आहे जावा. या दोन नावांचा उलगडा सांगायचा तर आमचं घर, हे गाव आणि म्हैसूरचा एक कारखाना असं सगळंच सांगावं लागतं.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे, विट्याच्या बाजूचे. पाऊस दगा देणारा मुलूख. तिथल्या घराघरातून माणसं गलाईच्या धंद्याला बाहेर पडली आणि देशभर पांगली. दक्षिणेत कुठल्याही बऱ्या गावच्या सराफकट्ट्यावर जा, एखाद्या बोळात भट्टी, मूस आणि तेजाबाचा वास सापडेल, आणि भट्टीपाशी बसलेला माणूस मराठीत बोलेल. माझे आजोबा असेच टी. नरसीपूरला आले. मोडीचे दागिने, सोनारांच्या दुकानातला चुरा आणि झाडलोटीची राख घ्यायची, वितळवायची, डाग आणि तांबं काढून टाकायचं आणि चोख सोन्याची लगड परत द्यायची. टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढून द्यायचा. इथे आम्हाला सगळे सेठ म्हणतात. सोनं लोकांचं असतं, आमच्या वाट्याला नुसती धग येते, तरीही सेठ.

टी. नरसीपूर म्हैसूरपासून तीसेक किलोमीटरवर. नावातला ‘टी’ म्हणजे तिरुमकूडलू, तीन प्रवाह जिथे मिळतात ते ठिकाण. कावेरी आणि कपिला डोळ्यांना दिसतात, तिसरं स्फटिक सरोवर गुप्त आहे असं मानतात. केवढं सुंदर नाव, आणि व्यवहारात त्याचं एक अक्षर उरलं. बसच्या पाटीवर टी, दुकानांच्या पाट्यांवर टी. शेजारच्या म्हैसूरचं 2014 साली सरकारी कागदांवर म्हैसूरु झालं. आमच्या घरात ते आजही म्हैसूरच आहे.

कपिलेच्या काठावर गुंजानरसिंहाचं देऊळ आहे. देवाच्या हातात गुंज आहे, तीच लालकाळी, रानातल्या वेलीवर येणारी. कथा अशी की काशी आणि हे क्षेत्र एकदा तराजूत घातलं, तर हे क्षेत्र गुंजभर जड भरलं. भाविक ती कथा भक्तीने सांगतात. आमच्या घरात ती हिशेबाने ऐकली जायची, कारण आजोबांचा काटा गुंजांवर चालायचा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गुंज म्हणजे तोळ्याचा शहाण्णवावा भाग. “एवढ्याश्शा फरकावर देवसुद्धा अडून बसतो, मग सोनार का नाही बसणार?” हे आजोबांचं वाक्य आप्पांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की आजोबांचा आवाज मी ऐकलाच आहे असं वाटतं.

आता कारखाना. म्हैसूरच्या यादवगिरी भागात, आकाशवाणीचं केंद्र आहे त्याच भागात, आयडियल जावा हा कारखाना होता. मुंबईत परदेशी मोटरसायकली आणून विकणाऱ्या रुस्तम इराणी यांनी फारूख इराणी यांच्या साथीने तो 1960 मध्ये उभारला. 1961 मध्ये महाराज जयचामराज वडियार यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. गाडी चेकोस्लोव्हाकियाची, परवाना तिथला, हात म्हैसूरचे. जावा हे नावही मुळात जोडनावच. फ्रांतिशेक यानेचेक नावाच्या प्रागच्या कारखानदाराने 1929 मध्ये वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचा आराखडा आणि परवाना घेतला, स्वतःच्या नावाच्या रोमन स्पेलिंगमधला ‘जा’ आणि वांडररचा ‘वा’ जोडला आणि जावा झाली. जे नाव आम्ही जन्मजात समजत होतो, तेसुद्धा कुणीतरी सांधलेलं होतं.

म्हैसुरात ते नाव बारा-तेरा वर्षं चाललं. परवान्याचा काळ सरल्यावर 1973 च्या सुमारास टाकीवर येझदी आलं. इराणातल्या यझ्द शहरावरून ते घेतलं. इराणी मंडळींच्या पूर्वजांची ती भूमी. म्हणजे बघा, चेक नाव गेलं आणि पारशी-इराणी नाव आलं, गाडी मात्र कन्नड बोलणाऱ्या कामगारांच्या हातून त्याच साच्यातून निघत राहिली. 65 मिलिमीटरचा सिलिंडर, 75 मिलिमीटरचा स्ट्रोक, एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर, चार गिअर. आणि ती दांडी, जी गिअरसाठी दाबताना क्लच आपोआप सोडते.

आप्पांनी ती 1976 मध्ये घेतली. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. गडद तांबडा रंग, टाकीच्या दोन्ही बाजूंना चकचकीत पत्रा, गुडघे टेकायला रबर. गल्लीतल्या जाणत्यांनी येऊन मान हलवली होती. जावा ती जावा, ही नवी कुठली, असं त्यांचं म्हणणं. नाव बदललं म्हणजे माल बदलला, अशी शंका माणसाला येतेच. आमच्या धंद्यात तर तीच शंका पोट भरते. दागिन्यावर शिक्का काहीही असो, गिऱ्हाईक म्हणतं टंच काढा. आप्पांनीही तेच केलं. शेजारच्या एका जुन्या जावाशेजारी तिला उभी करून दोन्ही चालू केल्या आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, “शिक्का बदललाय. सोनं तेच आहे.”

पुढे 1983 च्या उन्हाळ्यात तळकाडला ती घसरली. तळकाड म्हणजे वाळूत गाडलेल्या देवळांचं गाव, रस्ताभर वाळू. आप्पांच्या पिशवीत एका सोनाराची मोड होती, ती छातीशी धरून ते पडले, म्हणून गाडी सावरायला हात उरला नाही. डाव्या बाजूचं झाकण दगडावर आपटून तडकलं. म्हैसूरच्या मिस्त्रीने फळीवरून एका जुन्या, मोडीत निघालेल्या जावाचं झाकण काढलं आणि चढवलं. भोकावर भोक बसलं. कानस लावावी लागली नाही. झाकणावरचं नाव बघून आप्पा थबकले, तेव्हा मिस्त्री कन्नडमध्ये म्हणाला, “हेसरु बेरे सेठ, गाडी अदे.” नाव वेगळं, गाडी तीच. तेव्हापासून ती दोन नावं अंगावर घेऊन फिरते आहे.

फिरायचं म्हणजे तळकाड, बन्नूर, मळवळ्ळी, कोळ्ळेगाल. कालव्याकाठी भात, दोन्ही बाजूंना ऊस, आणि मधून धुराची रेघ ओढत जाणारी ती. आवाजावरून सोनारांना कळायचं की गलाईवाले सेठ आले, आणि ते राखेचं गाठोडं ओट्यावर काढून ठेवायचे. पंपावर पेट्रोल घेतलं की आप्पा पिशवीतून ऑइलची बाटली काढायचे, मापाने ओतायचे, झाकण लावायचे आणि गाडी दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे डोलवायचे. लहान मूल झोपवावं तशी. ऑइल तळाशी बसू नये म्हणून ते, पण बघणाऱ्याला माया वाटायची. आणि खरं सांगायचं तर ती मायाच होती.

वर्षातून एकदा सायलेन्सर भट्टीत जायचे. दोन झटक्यांच्या या इंजिनात ऑइल जळतं आणि काजळी नळीत साचते. काजळी साचली की तिचा आवाज बसतो आणि चढावर धाप लागते. आप्पा आतली जाळीची नळी काढून कोळशात घालायचे आणि भाता हळू चालवायचे. नळी लाल होत आली की काजळीचे पोपडे आपोआप सुटायचे. मग ती निववून, लाकडावर आपटून, फडक्याने पुसायची. ज्या भट्टीत दुसऱ्याचं सोनं चोख व्हायचं, त्याच भट्टीत आमची फटफटी चोख व्हायची. त्या संध्याकाळी तिचा आवाज इतका मोकळा यायचा की आई चुलीपाशी बसून म्हणायची, “झाली का हिची अंघोळ?”

1989 मध्ये संगमावर पहिल्यांदा कुंभमेळा भरला आणि मग दर तीन वर्षांनी भरू लागला. त्या पहिल्या मेळ्यात आप्पांनी दिवसभर म्हाताऱ्या माणसांना मागे बसवून वाळवंटापर्यंत पोचवलं. एकही पैसा घेतला नाही. संध्याकाळी तिला धुवून पुसताना त्यांनी टाकीवरच्या नावालाही कुंकू लावलं आणि झाकणावरच्या नावालाही.

मग 1996 मध्ये यादवगिरीचा कारखाना बंद झाला. शंभर सीसीच्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या चार झटक्यांच्या गाड्या दहा-अकरा वर्षांपूर्वीच बाजारात उतरल्या होत्या. धुराचे नियम कडक होत होते, आणि दोन झटक्यांच्या इंजिनाला ते झेपणारे नव्हते. कामगार पांगले. त्यांतल्या काहींनी घराच्या ओसरीवर दुरुस्तीची दुकानं टाकली. वारसा हा शब्द मी ऐकतो तेव्हा मला ती दुकानं आठवतात. पत्र्याच्या डब्यांत प्लग, पॉइंट, पिस्टनच्या रिंगा, प्रत्येक डब्यावर खडूने लिहिलेलं. कंपनी मिटली, पण कंपनीने शिकवलेलं बोटांत उरलं. आमची गाडी पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या बोटांवर चालली.

नावं बदलण्याची ही गोष्ट एकट्या म्हैसूरची नाही. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट बनायची. परवान्याचा काळ संपला, फियाट 1100 डिलाइटची प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 मध्ये पद्मिनी. मुंबईकराने मात्र काळ्यापिवळ्या टॅक्सीला हात करताना ‘फियाट’ हे नाव शेवटपर्यंत सोडलं नाही. गोलगरगरीत जुन्या फियाटला तर लोकांनीच डुक्कर फियाट हे नाव दिलं, ते कुठल्या कंपनीने दिलं नव्हतं आणि कुठल्या कंपनीला काढूनही घेता आलं नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून गेली. टाटांच्या ट्रकवर 1954 च्या करारापासून मर्सिडीजचा तारा होता. 1969 मध्ये करार संपला, तारा उतरला आणि टाटांचं अक्षर चढलं. या सगळ्या बदलांना मी नाक मुरडत नाही. दुसऱ्याचं नाव परत करून स्वतःचं लावणं यात प्रामाणिकपणा आहे. येझदीही त्यांतलीच.

टाटांच्याच मालकीच्या जग्वारचं मात्र मला वाईट वाटलं. ती कंपनी 1922 मध्ये साइडकार बनवत सुरू झाली, गाड्यांवर एसएस ही अक्षरं असायची. हिटलरच्या एसएस दलाने त्या अक्षरांना काळिमा लावला, म्हणून 1945 मध्ये तिने ती टाकली आणि जग्वार हे नाव घेतलं. अंगावरचा डाग काढून टाकावा तसा तो बदल होता, त्याला कारण होतं. 2024 च्या नोव्हेंबरात तिने पुन्हा अक्षरं बदलली, आणि त्याची जी जाहिरात काढली तिच्यात एकही गाडी नव्हती. रंगीत कपड्यांतली माणसं होती, गाडी नव्हती. मला ते पटलं नाही. कसोटीच्या दगडावर सोनं न घासता नुसता शिक्का दाखवावा, तसं ते वाटलं. शंभर वर्षं ज्यांनी ती गाडी पुसली, तिचा आवाज ओळखला, त्यांना काहीतरी घासून दाखवायला हवं होतं.

आणि मग आमची दोन्ही नावं परत आली. महिंद्रांच्या भांडवलावर, रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी यांच्या भागीदारीत क्लासिक लेजंड्स ही कंपनी निघाली. 15 नोव्हेंबर 2018 ला तिने मुंबईत नवी जावा दाखवली, जानेवारी 2022 मध्ये नवी येझदी आणली. मधल्या काळात येझदी हे नाव नेमकं कोणाचं, हा वाद कर्नाटक उच्च न्यायालयात गेला. मिटलेल्या कंपनीच्या मालमत्तेत जमीन आणि यंत्रांसारखं तिचं नावही धरायचं का, असा तो प्रश्न. न्यायालयाचं काम न्यायालय करतं. मला मात्र ते वाचताना मिस्त्रीच्या दुकानातले खडूने लिहिलेले डबे दिसत होते. त्यांची नोंद कुठल्या यादीत असते?

माझ्या धाकट्या भावाच्या मुलाने 2019 मध्ये नवी जावा घेतली. तो बेंगळुरूला नोकरीला. आयुधपूजेला तो ती घेऊन नरसीपूरला आला. आपल्याकडची खंडेनवमी ती इकडची आयुधपूजा, त्या दिवशी इथे शेतातल्या कोयत्यापासून बसपर्यंत सगळ्याची पूजा होते. दुकानातली मूस, चिमटा, भाता आणि काटा ओळीने मांडले होते. भावाने दोन्ही गाड्या अंगणात शेजारी उभ्या केल्या. झेंडूचे हार घातले, चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा मधोमध फोडला आणि त्याच्या फोडींवर कुंकू टाकलं.

नवी देखणी आहे, हे मोकळ्या मनाने सांगतो. तोच गडद तांबडा, टाकीला तोच उतार, एकच सिलिंडर असूनही दोन सायलेन्सर. ज्यांनी हे जपलं त्यांना जुनी आठवण होती. पण आतलं इंजिन 293 सीसीचं, चार झटक्यांचं, पाण्याने निवणारं. ती बनते मध्य प्रदेशात पीथमपूरला. तिच्यात ऑइल मिसळावं लागत नाही, तिला दांडी उभी करावी लागत नाही, निळा धूर नाही, आणि आईच्या लुगड्यांना येणारा तो वासही नाही. नाव तेच, गाडी वेगळी. मिस्त्रीचं वाक्य उलटं झालं होतं. ते ऐकायला मिस्त्री राहिला नव्हता.

आप्पांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. कानांनी साथ सोडली होती. जुनी चालू झाली की नाही हे ते टाकीवर तळहात ठेवून ओळखायचे. त्या दिवशी नातवाने आधी जुनी चालू केली. तिसऱ्या किकेला ती लागली. आप्पांनी टाकीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मान डोलावली. मग नातवाने नव्या गाडीचं बटण दाबलं. आप्पांनी दुसरा हात तिच्या टाकीवर ठेवला. दोन गाड्यांच्या मध्ये, दोन टाक्यांवर दोन हात, डोळे मिटलेले. आम्ही सगळे गप्प उभे होतो. माझ्या मनात आलं, 1976 मध्ये असाच त्यांनी कानाने टंच काढला होता.

त्यांनी डोळे उघडले आणि नातवाला म्हणाले, “चांगली आहे. जपून चालव.”

नातवाने दोन्ही गाड्या बंद केल्या. आप्पांनी वाकून जुनीचा कॉक बंद केला. मग ते वळले आणि नव्या गाडीच्या टाकीखाली हात घालून चाचपू लागले. पुढे, मागे, पुन्हा पुढे. बोटं पत्र्याच्या कडेवरून फिरत राहिली.

“आजोबा, काय शोधताय?” नातवाने त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

“कॉक कुठाय हिचा?” आप्पा म्हणाले. “बंद करायला नको का रात्रीचा?”